रिकाम्या नळीतलं तेल

१२ ऑक्टोबर १९९८

नेजी म्हणतो, "घरी आल्यावर माझं डोकं खाऊ नकोस, वहीचं खा." शाळेत गणित शिकवणारा नवरा केला की असे सल्ले फुकट मिळतात. म्हणून ही वही.

तर पहिली बातमी. बाबांचं हृदय सगळ्यांत अव्वल आलं!

आमचं काम साधं आहे. हृदयाची शस्त्रक्रिया करताना रक्त यंत्रात वळवायला जिथे नळी घालतात, तिथला कानाच्या पाळीसारखा एक तुकडा कापावाच लागतो. पूर्वी तो फेकून देत. आता रोग्याला विचारून तो बर्फात ठेवतात आणि माझ्याकडे पाठवतात. लाल स्नायूला चिकटलेली पिवळी चरबी मी सुरीच्या टोकाने कणकण खरवडून काढते, कारण ती बाहेरची. मला हवी असते ती स्नायूच्या आत मुरलेली. मग स्नायू वाटायचा, त्यातला स्निग्धांश द्रावणात उतरवायचा, तो तोटीच्या नरसाळ्यात धुवायचा आणि यंत्राला द्यायचा. यंत्र कागदावर डोंगर काढतं. जन्मभर जैतूनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल खाल्लेल्या माणसाचा ऑलिइक आम्लाचा डोंगर उंच. सोयाबीनचं स्वस्त सरकारी तेल खाणाऱ्याचा लिनोलेइकचा उंच. हृदयाला काय चारलं ते हृदय लपवत नाही.

आणि आमच्या स्फाक्स शहरातल्या हृदयांत ऑलिइकचा डोंगर असा, की जगात कुठे कुणी दाखवला नसेल. डिसेंबरात तेलाची मोठी परिषद इथेच भरते आहे. सी राऊफ, म्हणजे राऊफसाहेब, आमचे प्राध्यापक, मला तिथे बोलायला उभं करणार. मग प्रबंध, मग कायमची नोकरी. किती वर्षं झाली, दर उन्हाळ्यात करारावर सही करते आहे आणि दर उन्हाळ्यात तीच भीती, पुढच्या वर्षी सही असेल का.

नळीवर नाव नसतं, नुसता आकडा. पण वसंतात बाबांचा तुकडा मीच सर्जनच्या हातून घेतला होता, तेव्हा तेवीस नंबर कुणाचा ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी तनियूर रस्त्यावर बाबांकडे गेले. शस्त्रक्रियेपासून दुकान बंद आहे, घरीच चपला शिवत बसतात. म्हटलं, "बाबा, सगळ्या शहरात जास्तीत जास्त जैतून तुमच्या हृदयात निघालं!"

दाभण थांबलं. "कशावरून?"

"यंत्रावरून."

"यंत्र चुकत नाही?"

"माणसं चुकतात. यंत्र कशाला चुकेल?"

त्यांनी चप्पल उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "देवाची करणी." आणि दाभण पुन्हा त्याच भोकात घातलं. मला भरून आलं. निघताना गल्लीत चार जणींना सांगून आले.

१९ ऑक्टोबर

आज चुकून शहाणपणा केला. एका नळीत हृदय न घालता नुसतं द्रावण घेतलं आणि सगळ्या वाटेने फिरवून यंत्राला दिलं. अशी रिकामी नळी अधूनमधून चालवायचीच असते. पण सी राऊफ म्हणतात, द्रावण बंदरावर महिनोन् महिने अडकतं, वर्षातून एकदा पुरे, उगाच नासू नकोस.

रिकाम्या नळीत ऑलिइकचा डोंगर आला. चांगला ठसठशीत.

पुन्हा चालवली. पुन्हा आला.

हृदयच नाही, तर जैतून कुठून आलं? दुपारचं जेवण गेलं नाही. घरी नेजीला म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय.

२१ ऑक्टोबर

सापडलं.

नरसाळ्याची काचेची तोटी फिरवली तर लोण्यासारखी फिरली. वर्षाच्या सुरुवातीला ती अशी अडायची की मनगट दुखायचं. मख्लूफकाकांना विचारलं. आमच्या प्रयोगशाळेत माझ्या जन्माआधीपासून आहेत ते. काच धुणं, चहा आणि सगळ्यांची चौकशी ही तीन खाती त्यांच्याकडे.

"काका, या तोटीला काय केलंत?"

"काय करणार? अडत होती बिचारी. रोज सकाळी एक थेंब तेल घालतो."

"कसलं तेल?"

"कसलं म्हणजे?" त्यांचा अपमान झाला. "डॉक्टरीणबाई, मी काय सरकारी तेल घालीन? माझ्या धाकट्या भावाच्या झाडांचं आहे. पहिल्या घाण्याचं!"

मी खुर्चीवर बसले. त्यांना दोष काय देणार? या गावात दार कुरकुरलं, कान ठणकला, पोर खोकलं, सुनेला दिवस गेले, सगळ्यावर एकच औषध. मीसुद्धा घरी शिवणयंत्राला तेच घालते. इथे तोटी अडली तर तिला तेल न घालणारा माणूस स्फाक्सचा नव्हेच.

"बरं नाही का वाटत?" काकांनी विचारलं. "घोटभर देऊ का? पोट साफ होईल."

म्हणजे वर्षभरात मी हृदयं मोजलीच नाहीत. मख्लूफकाकांच्या भावाची झाडं मोजली.

२४ ऑक्टोबर

सी राऊफना सांगितलं. दार लावून घेतलं. म्हटलं, "सर, रिकाम्या नळीत जैतूनाचं तेल येतंय. आपले आकडे चुकीचे आहेत."

ते रागावले नाहीत. उठून मला पाणी दिलं.

"हे बघ सिहेम, तोटी बदलून टाक आणि पुढचं काम नीट कर. झालेल्या आकड्यांतून थोडंफार वजा करता येईल. परिषद तोंडावर आहे."

"पण सर, रोजचा थेंब कधी लहान, कधी मोठा. वजा किती करायचं?"

"मग चौकशी होईल. मख्लूफला घरी पाठवतील, येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचाय बिचारा. तुझा करार कुणी पुढे चालवणार नाही. तुला हे हवंय? मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणून सांगतो."

मला रडूच आलं. या वेळीसुद्धा माणूस माझा आणि काकांचा विचार करतो! निघताना म्हणाले, "आणि हो, तुझ्या वडिलांना परिषदेत मंचावर बसवायचं. शहरातलं सगळ्यांत जैतूनी हृदय. गव्हर्नर शाल घालतील. सगळ्या गावाला माहीत आहे म्हणे."

गावाला सांगितलं कुणी? मीच.

८ नोव्हेंबर

दोन आठवडे वहीकडे बघितलं नाही. रोज सकाळी प्रयोगशाळेचं दार लोटते तेव्हा वाटतं, आत जातेय ती मी आणि बाहेरून कडी घालणारीही मीच.

बाबांना मंचाचं सांगितलं. त्यांनी कारणांची माळच लावली. जुब्ब्याला कसर लागली. छातीचा टाका ओढतो. गव्हर्नरांसमोर बोबडी वळेल.

"तुम्हाला बोलायचं नाही, नुसतं बसायचंय."

"नुसतं बसणं जास्त अवघड असतं, पोरी." मग हळूच म्हणाले, "मला एक सांग. तुमच्याकडे दोन माणसांचे तुकडे इकडचे तिकडे होत नाहीत? माझा म्हणून दुसऱ्या कुणाचा मोजला असेल?"

"तुमचा मी स्वतः आणलाय."

"हो. तेही खरंच."

किती विनयशील आहेत! दुसरा असता तर चहाच्या दुकानात मांडी ठोकून बसला असता. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या नावाने चाललेलं खोटं मला माहीत आणि त्यांना नाही.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर पडद्यामागे सरकारी तेलाची बाटली. भडकलेच मी. हृदयाला चिरा पडलेल्या माणसाच्या घरात हे?

"तळणाला आहे गं," बाबा बाहेरून ओरडले. "शेजारणीची आहे. दिव्याला आहे."

तिन्ही एकदम. म्हातारपणी माणसं तळणासाठी खोटं बोलतात. पुन्हा म्हटलं, आमच्याकडे राहायला चला, मी जेवायला घालते. नेहमीप्रमाणे नाही म्हणाले.

२२ नोव्हेंबर

आपल्या झाडांच्या नव्या तेलाचा डबा आला! दरवर्षीप्रमाणे बाबा स्वतः टॅक्सीतून घेऊन आले. मी बशीत ओतलं, हिरवंगार. जवाची भाकरी बुडवून पहिला घास घेतला आणि नेहमीसारखा ठसका लागला. नवं तेल घशाला असं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं. बाबा खुशीत हसले, "ठसका लागला, म्हणजे तेल खरं." बशी मी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी परत माझ्याकडे. "मी घाण्यावर पोटभर खाऊन आलोय."

म्हटलं, "यंदा तरी मला आपली झाडं बघायला न्या. ल्योंहून शिकून आल्यापासून एकदाही गेले नाही."

"यंदा चिखल आहे."

"पाऊसच पडला नाही, बाबा."

"कुत्री आहेत. मोठाली."

ते गेल्यावर नेजी डब्याचं झाकण न्याहाळत बसला. "गेल्या वर्षी छाप ग्रेम्दा रस्त्याच्या घाण्याचा होता. त्याआधी अगारेबचा. यंदा महरेसचा. तुझ्या बाबांच्या झाडांना पाय आहेत का गं?"

"तुला सासऱ्याच्या डब्यातही गणित दिसतं."

"मला छाप दिसतो," तो म्हणाला आणि भाकरीला हात घातला.

२९ नोव्हेंबर

रविवार. प्रयोगशाळा बंद. मख्लूफकाकांकडून किल्ली घेतली.

थंडपेटीत फक्त सात हृदयांचे उरलेसुरले तुकडे आहेत. बाकीचे मी वाटून संपवले, तेलकट तोटीतून घालून वाया घालवले. त्या माणसांनी छाती उघडण्याआधी सही करून मला दिलेले तुकडे. त्याची लाज कुणापुढे मांडू?

नवं नरसाळं घेतलं. आधी रिकामी नळी चालवली. कोरी आली, एकही उंचवटा नाही. मग सात. कुणात ऑलिइक बरं, कुणात लिनोलेइक बरं, जशी सगळ्या जगातली हृदयं असतात तशी. तेवीस नंबर शेवटी ठेवला होता. वाटलं, निदान बाबांचं तरी खरं निघेल. जन्मभर आपल्या झाडांचं खाल्लेला माणूस.

लिनोलेइकचा डोंगर. सातांत सर्वांत उंच. ऑलिइक त्याच्यापुढे टेकाड.

सहा महिने सरकारी तेल खाऊन असं होत नाही. वर्षानुवर्षं सरकारी तेल खाणाऱ्याचं हे हृदय आहे.

उरलेला कण होता, तोही चालवला. तेच आलं. आता थंडपेटीत बाबांचं काही उरलं नाही.

काहीतरी चुकलंय. सुरी नीट पुसली नसेल. डबा दरवर्षी मी डोळ्यांनी बघते.

४ डिसेंबर

दुपारी न सांगता बाबांकडे गेले. दार उघडंच होतं. ते चुलीपाशी उभे, कढईत अंडं, आणि हातात ती बाटली. आमच्या घरात अंड्यावर नेहमी जैतूनाचंच तेल पडायचं. आई असती तर हात मोडला असता.

"बाबा, हे किती वर्षं खाताय?"

"आजच. संपलं होतं म्हणून."

"बाबा, यंत्र चुकलं नव्हतं. माणसं चुकली होती." आणि मी सगळं सांगितलं. तोटी, काकांचा थेंब, रिकामी नळी, तेवीस नंबर. अंडं करपलं, कुणी उतरवलं नाही.

बाबा स्टुलावर टेकले आणि हसायला लागले. छाती धरून हसत होते. मी घाबरले.

"मख्लूफचं तेल! अगं, दोन महिने झोप नाही मला! मी म्हणत होतो, मी खाल्लं सोयाबीन, हृदयात निघालं जैतून, देवाने माझी लाज झाकली. नमाजात माफी मागू की आभार मानू, कळेना. आणि तो मख्लूफ होता!"

"पण का? आपली झाडं—"

"झाडं कुठली?" हसू थांबलं. "तू ल्योंला गेलीस ना, त्या हिवाळ्यात विकली. शिष्यवृत्ती कधी वेळेवर यायची नाही. तू पत्रात लिहायचीस, थंडी फार आहे."

मी लिहायची खरी. मग घरून कोट आला, तो कुठल्या पैशांतून ते कधी विचारलं नाही. घरचं कसं चाललंय विचारलं, तर तुझी आई घर सांभाळते आहे, एवढंच उत्तर यायचं.

"मग डबा?"

"डबा घाण्यावरून विकत. जिथे बरं मिळेल तिथून. तू म्हणायचीस, आपल्या झाडांसारखी चव कुठे नाही. म्हटलं, असू दे."

मला त्यांचा भयंकर राग आला. ओरडले मी त्यांच्यावर. "स्वतःच्या छातीत विष ओतत बसलात आणि मी गावभर तुमचं हृदय मिरवत फिरले!" आणि ओरडता ओरडता त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"विष कसलं?" माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाले. "निम्मं शहर तेच खातं, चालतं फिरतं. बरं, आता मंचाचं काय?"

"मी सरांना नाही म्हणून सांगते."

"मग प्रबंध? नोकरी?" ते विचारात पडले. "नको, मी येतो. इतकी वर्षं खोटं बोललोय, आणखी एक तास. तुझ्यासाठी बसेन नुसता."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की दार उघडेल. उलट आतून आणखी एक कडी लागली. झाडं ज्यासाठी गेली, ते आता माझ्या एका वाक्याने जाणार. आणि गप्प बसले तर हा माणूस शाल पांघरून माझ्यासाठी सगळ्या गावापुढे खोटा होणार.

१० डिसेंबर

सी राऊफना सात कागद नेऊन दाखवले. त्यांनी ते पाहिलेच नाहीत, उलटे करून ठेवले. "सात नमुन्यांवर काही सिद्ध होत नाही."

"आधीच्यांवर तरी काय होतं, सर?"

"परवा तू ठरलेलं बोलशील. नाहीतर उन्हाळ्याची वाट बघायचीही गरज नाही."

बाहेर आले. काका चहा घेऊन उभे. म्हणाले, "तोटी का बदलली? जुनी छान चालत होती. साहेब तर म्हणाले होते, आता कशी गुळगुळीत झाली."

"कधी म्हणाले?"

"मी पहिल्यांदा तेल घातलं तेव्हाच की. तिथेच उभे होते. हसले आणि म्हणाले, कुणाला बोलू नकोस."

घरी येऊन वहीत चोवीस तारखेचं पान उघडलं. त्या दिवशी मी आधी फक्त रिकाम्या नळीचं बोलले होते. तोटीचं नाव माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. तोटी बदल असं तेच म्हणाले होते. मी हे माझ्या हाताने याच वहीत लिहिलंय आणि वर त्यांचे गोडवे गायलेत. शिकलेली गाढवीण!

नेजीला सगळं सांगितलं. यावेळी वहीच्या आधी. त्याने तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "माझ्या पगारात दोघांचं भागतं. तिघांचंही भागेल. तुझ्या बाबांना इकडे आण."

१२ डिसेंबर

परिषद.

सभागृह भरलेलं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा जुब्बा, लाल टोपी, दाढी गुळगुळीत. माझ्यानंतर त्यांना वर बोलावणार होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, लहानपणी परीक्षेच्या दाराशी हलवायचे तशी. बसेन नुसता, म्हणाले होते. खरंच बसले होते.

पडद्यावर पहिला कागद लावला. उंच, देखणा डोंगर. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली.

मी म्हटलं, "हे हृदय नाही. ही रिकामी नळी आहे."

थोडं हसू आलं, लोकांना वाटलं गंमत आहे. मग मी पुढचं बोलले. तोटीला तेल घालणाऱ्याचा दोष नाही, आपल्यातल्या कुणीही घातलं असतं. रिकामी नळी चालवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. नको म्हणणाऱ्याचं ऐकलं. शहरातल्या लोकांनी दिलेले तुकडे वाया गेले, त्यांची माफी मागते. उरलेल्या सात हृदयांत जगासारखंच थोडं हे, थोडं ते आहे. त्यांच्याविषयी याहून जास्त मला सांगता येत नाही.

सी राऊफ उठून गेले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गव्हर्नरांची शाल घडी न मोडता परत गेली.

फाटकाशी बाबा भेटले. म्हणाले, "हेच करायचं होतं, तर मला जुब्बा कशाला धुवायला लावलास?"

१५ डिसेंबर

करार गेला. निरोप तोंडीच आला, सकाळी फोनवर. मख्लूफकाकांना मात्र हात लावलेला नाही. त्यांनी स्वतःच सगळ्या खात्यात सांगितलं की तेल मी साहेबांसमोर घातलं, म्हणून आता त्यांना काढायला कुणी धजत नाही. दुपारी बिचारे येऊन गेले आणि दारात रडले. मी त्यांना म्हटलं, तेल चांगलं होतं, काका.

पुढे काय, मला माहीत नाही. दुसऱ्या शहरात कुणी घेईल का, तेही माहीत नाही. भीती वाटते, तीच जुनी, फक्त आता ती उन्हाळ्याची वाट बघत नाही.

संध्याकाळी बाबा दाभण, कातडं आणि एक पिशवी घेऊन राहायला आले. सरकारी तेलाची बाटली मी पिशवीतून काढून नेजीकडे दिली, तो म्हणाला सायकलच्या साखळीला होईल.

बशीत नवं तेल ओतलं, भाकरी मोडली. बाबांनी सवयीने बशी माझ्याकडे सरकवली. मी परत त्यांच्याकडे. त्यांनी पुन्हा बोट लावलं, तेव्हा मी बशी धरूनच ठेवली.

"आधी तुम्ही."

त्यांनी भाकरी चांगली बुचकळली आणि मोठा घास तोंडात घातला, आम्ही लहानपणी घ्यायचो तसा. आणि ठसका लागला. असा जोराचा की नेजी पाणी घेऊन धावला. इतक्या वर्षांत नवं तेल स्वतःच्या घशाला कसं झोंबतं, हे ते विसरूनच गेले होते.